विहाराची चौकट

मी पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसावर वीज पडते असं आमच्याकडे म्हणतात, म्हणून पावसाळ्यात गडगडायला लागलं की आई मला ओढून घरात घ्यायची. आणि पायाळू माणसानं कमरेत लाथ मारली की धरलेली कंबर सुटते, म्हणून बोईसरपासून पार नवापूरपर्यंतची माणसं माझ्या लाथा खायला आमच्या दारात यायची. माझी बायको म्हणते, लाथा झाडायचा गुण तुमच्या अंगातच होता, कंबर हे नुसतं निमित्त. तिचं फारसं चुकत नाही. मी तापट माणूस. पण सगळ्यात वाईट लाथ मी पायानं मारली नाही, आणि ती बसली एका म्हातारीला, जिनं मला जन्माच्या वेळी ओढून बाहेर काढलं होतं. तेवढं एकदा लिहून टाकायचं आहे.

तिला सगळं गाव बाय म्हणायचं. आमचं गाव बोईसरहून पाम गावाकडे जाणाऱ्या वाटेवर. गावाच्या कडेला ओढा, आणि ओढ्यापलीकडे ती वस्ती, जिला गाव तेव्हा नुसत्या जातीच्या नावानं हाक मारायचं. बाय तिथे राहायची. सुईणपण तिच्याकडे सासूकडून आलं होतं. माझ्या वेळी आई दोन दिवस अडली होती आणि आमची आजी देव पाण्यात घालून बसली होती. बाय आली, तिनं सगळ्या बायकांना खोलीबाहेर काढलं आणि पायांना धरून मला बाहेर घेतलं. मग आईचं रक्त थांबेना, तर तीन दिवस ती त्या खोलीतून हलली नाही. आम्ही दोघं जगलो ते तिच्यामुळे, हे आमच्या घरात कुणी नाकारत नव्हतं. चौथ्या दिवशी ती ओढा ओलांडून परत गेल्यावर आजीनं खोली, ओटी आणि अंगण गोमूत्र शिंपडून शुद्ध करून घेतलं, हेही आमच्या घरात कौतुकानं सांगितलं जायचं. इतक्या गडबडीतही म्हातारी रीत विसरली नाही म्हणून. ते ऐकताना मला काही वाटायचं नाही. मोठा झाल्यावरही बरीच वर्षं वाटलं नाही, आता लपवून काय मिळवू?

दिवाळीला आई बायसाठी लुगडं, पायलीभर तांदूळ आणि आमच्या वाडीतले चार नारळ काढून ठेवायची. बाय अंगणात यायची, ओटीच्या कडेला ठेवलेलं उचलायची आणि मला हाक मारायची, "ए पायाळू, पाय दाव बघू." मी पाय पुढे करायचो. ती लांबूनच बघायची आणि हसायची. "ह्येच ते. ह्येच पयले आलेले." ती गेली की आई दरवेळी सांगायची, "हिचे उपकार हायेत तुज्यावर. जन्मभर इसरू नको." मी ते विसरलो नाही. माझा घोटाळा वेगळाच झाला.

मी मिसरूड फुटायच्या वयाचा असताना त्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला. त्यांनी मेलेली गुरं ओढणं सोडलं, गावकीची कामं सोडली, कुणाच्या दारचं उरलंसुरलं घेणं बंद केलं. आमच्या वस्तीला आता बौद्धवाडी म्हणा, असं त्यांनी गावाला सांगितलं. गाव काही महिने धुसफुसलं, मग गुरं ओढायची दुसरी सोय लागली आणि धुसफूस थंड झाली. त्या दिवाळीला बाय आली नाही. आईनं लुगडं माझ्याकडे देऊन मला ओढ्यापलीकडे धाडलं. बाय दारात तांदूळ निवडत बसली होती. लुगड्याकडे बघून म्हणाली, "आईला सांग, आसं घेनं आमी बंद केलंय. मी रागावले नाय. कोनाची बाई अडली तर बोलवा, येईन मी." मी लुगडं परत आणलं. आई ते मांडीवर घेऊन रडली. उपकार फेडायची तिला एकच वाट ठाऊक होती आणि तीच बंद झाली होती.

पुढे वडील गेले आणि बोईसर स्टेशनजवळचं सुतारकीचं दुकान माझ्या गळ्यात आलं. बोईसर म्हणजे तेव्हा स्टेशन, चार दुकानं आणि चहूकडे भाताची खाचरं. मग तारापूरकडे समुद्रालगत वीजघराचं मोठं काम निघालं आणि बोईसरचा नूरच पालटला. कुठकुठचे कामगार आले. हिंदी बोलणारे मुकादम माझ्या दुकानासमोर उभे राहून ओरडायचे, "मिस्त्री, तख्ता कब देगा?" मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. बौद्धवाडीतली माणसंही त्या कामावर जायला लागली. रोख मजुरी हातात येऊ लागली, आणि तिच्यातून थोडं थोडं बाजूला काढून त्यांनी वाडीत विहार बांधायला घेतला. एकच खोली, दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं.

एका दुपारी बायचा मुलगा सायकलवरून माझ्या दुकानात आला. तो पालघरजवळच्या शाळेत मास्तर होता, विहाराच्या कमिटीचं काम तोच बघायचा. पांढरा सदरा, खिशाला पेन. त्यानं चौकड्यांच्या कागदावर मापं घालून दाराचं चित्र काढून आणलं होतं, आणि ते इतकं नेटकं होतं की मला माझ्या हिशेबाच्या चिटोऱ्यांची लाज वाटली.

"चौकट नि दोन फळ्यांचं दार पायजे," मास्तर म्हणाले. "वैशाख पौर्णिमेला विहार उघडायचाय. चौकट साधी करा. वरची पट्टी कोरी ठेवा. काय कोरायचं नाय."

मी म्हणालो, "तुमच्या आईनं मला काढला. मी तुमच्याकडून काय घेणार नाय."

"ते तुमचं नि तिचं," ते शांतपणे म्हणाले. "हे विहाराचं काम हाय." आणि त्यांनी विसाराचे पैसे फळीवर ठेवले. मी ते परत त्यांच्याकडे सरकवले. त्यांनी पुन्हा माझ्याकडे सरकवले. "विसार घ्या. नायतर मला दुसरा सुतार बघावा लागंल."

हट्टी माणूस. मी मुकाट्यानं पैसे घेतले, धंद्याच्या रिवाजाप्रमाणे डोळ्यांना लावले आणि पेटीत टाकले. पण मनात म्हटलं, तुम्ही शेर तर मी सव्वाशेर. विसार घेतला म्हणून काय झालं, देताना किती द्यायचं ते माझ्या हातात आहे.

आता सुताराच्या रिवाजाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्याकडे घराच्या दाराची चौकट करतात तेव्हा वरच्या आडव्या लाकडावर मधोमध एक पट्टी बसवतात आणि तिच्यावर गणपती कोरतात. गणेशपट्टीच म्हणतात तिला. किती बारीक कोरायचा ते गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर. गरिबाच्या चौकटीवर नुसती सोंड आणि दोन कान काढतात, पण काढतात. माझे वडील सांगायचे, कोरी पट्टी फक्त गोठ्याला चालते. माणसाच्या दाराला कोरी पट्टी दिलीस तर समज, त्याला गुरांत काढलंस. हे मी इतक्या लहानपणापासून ऐकलं होतं की मास्तरांनी "कोरी ठेवा" म्हटल्यावर मला एकच अर्थ सुचला. पैसे कमी आहेत, कोरीव काम परवडणार नाही, आणि मागायला माणूस लाजतो आहे. बायच्या लोकांच्या देवळाला मी गोठ्याची चौकट द्यायची? मला ते कुठून पटायला!

माझ्याकडे एक जुनं सागाचं लाकूड होतं. वडिलांनी ते आमच्या घरच्या देव्हाऱ्यासाठी वर्षानुवर्षं जपलेलं, माळ्यावर ठेवलेलं. मी ते खाली काढलं. वीजघराच्या मुकादमांच्या शिव्या खाल्ल्या, त्यांचे तख्ते बाजूला ठेवले आणि दिवसच्या दिवस त्या पट्टीवर बसलो. तसा गणपती मी त्याआधी कधी कोरला नव्हता आणि नंतरही मला जमला नाही. सोंडेवरच्या सुरकुत्या, हातातल्या मोदकाच्या कळ्या, पायाशी उंदीर. दुकानात येणारा माणूस पट्टीवरून बोट फिरवल्याशिवाय जात नव्हता. माझी छाती फुगली होती.

आईनं ती बघितली तेव्हा म्हणाली, "त्यांनी सांगितलंय का गनपती कर म्हनून?"

"सांगायला कशाला पायजे?" मी म्हणालो.

ती काहीतरी बोलणार होती. पण माझा चेहरा बघून गप्प राहिली. माझ्या घरातली सगळी माणसं माझा चेहरा बघून गप्प राहायला शिकली होती.

पौर्णिमेला दोन दिवस होते तेव्हा बैलगाडीत चौकट आणि दार घालून मी ओढा ओलांडला. ऊन मी म्हणत होतं. विहारासमोर मांडव पडला होता, बायका सारवत होत्या, बाप्ये निळ्या पताका लावत होते. गाडी बघून सगळे गोळा झाले. बायही काठी टेकत आली. चौकट उतरवून आम्ही भिंतीला टेकवून उभी केली. पट्टीवर मी मुद्दाम पंचा टाकून ठेवला होता. तो मी झटक्यात ओढला आणि लोकांच्या तोंडांकडे बघत राहिलो, आता कौतुक होईल म्हणून.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून एक बाई हळूच म्हणाली, "गनपती हाय."  मास्तर पुढे आले. त्यांनी पट्टी नीट निरखून पाहिली, माझा दंड धरला आणि मला बाजूला नेलं.

"काम फार सुंदर झालंय," ते म्हणाले. "पन हे आमाला लावता येनार नाय. धर्म घेताना आमी सगळ्यांनी शपथ घेतलीय, हे देव आता मानायचे नाय म्हनून. तुमच्या मनात चांगलं होतं, ते समजतं मला. पट्टी तेवढी रंधून द्या."

एवढं नीट बोलले ते. त्यांच्या जागी मी असतो तर सुताराला गाडीसकट परत घालवलं असतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या दिवसांचं काम, वडिलांनी जपलेलं लाकूड, आणि हा माणूस मला देवावर रंधा मारायला सांगतो!

"देवाच्या तोंडावर रंधा मारू? मी?"

"मग उतरवून तरी द्या."

"मी लावलेलं मी उतरवत नाय." माझा आवाज चढला होता. "माज्या घरच्या देव्हाऱ्याचं लाकूड घातलं मी ह्याच्यात. कशासाठी? तुमच्या आईनं मला काढला म्हणून. नायतर ओढ्याच्या ह्या अंगाला चौकट घेऊन कोण येतो?"

हे शेवटचं वाक्य मी बोललो. माझ्या तोंडून ते गेलं आणि मांडवातल्या प्रत्येक माणसानं ते ऐकलं. मास्तरांचा हात माझ्या दंडावरून खाली आला.

तेवढ्यात बाय पुढे झाली. घरात जाऊन ती तांब्या घेऊन आली होती. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. "उन्हातून आलास रे. पानी पी. मंग बोलू."

त्या बाईनं माझ्या आईला तीन दिवस जगवलं, पण आमच्या घरातल्या कुणालाही तिनं आयुष्यात पाणी दिलं नव्हतं. देताच आलं नसतं. ती पहिली वेळ होती. सगळी वाडी बघत होती. आणि मी हातानं तांब्या बाजूला केला आणि म्हणालो, "नको."

मी रागानं नको म्हणालो. भावाशी भांडण झालं की माणूस त्याच्या घरचं पान टाकून उठतो, तसाच तो राग होता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. पण त्या वाडीत, त्या म्हातारीच्या हातचं पाणी माझ्यासारख्यानं नाकारलं, याचा तिथे एकच अर्थ होता, आणि तो तिथल्या लहानसहान पोरालाही ठाऊक होता. आणि खरं सांगायचं तर त्या "नको"मध्ये आजीनं शिंपडलेलं गोमूत्र अगदीच नव्हतं, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. हेच मला जास्त टोचतं.

 बायनं तांब्यात बघितलं. मग ती हळूहळू विहाराच्या पायरीपाशी गेली, तिथे नुकतंच पिंपळाचं रोप लावलं होतं, त्याला तिनं ते पाणी घातलं. मी बैल जुंपून निघून आलो.

पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी मास्तर सायकलवरून आमच्या घरी आले. कॅरिअरला कोऱ्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेली वस्तू होती. त्यांनी ती ओटीवर ठेवली, शेजारी कामाचे उरलेले पैसे ठेवले.

"खुंट्या काढून उतरवली," ते म्हणाले. "एक कपचा उडालेला नाय, बघून घ्या. तिथं साधी पट्टी वीजघराच्या कामावरच्या एका मिस्त्रीकडून बसवून घेतली." पाण्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. आईनं त्यांना बसा म्हटलं, चहा घ्या म्हटलं. शाळेला उशीर होतो म्हणून ते गेले. उन्हाळ्याची सुट्टी होती.

आईनं कापड सोडलं. गणपती जसाच्या तसा होता. मी त्यांच्यासमोर देवाच्या नावानं एवढा थयथयाट केला आणि त्यांनी त्याच देवाला, जो त्यांचा उरला नव्हता, लेकराला आणावं तसं गुंडाळून माझ्या घरी आणून पोचवलं होतं. दोन दिवसांत गावातून आईला पाण्याचीही गोष्ट कळली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तिच्या हातच्या पान्याला नाय म्हनलास?" एवढंच ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "जा नि मागून पी. आजच्या आज जा."

मी गेलो नाही. त्या दिवशी दुकानात काम होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. ओढा ओलांडायला पाच मिनिटं लागतात, आणि मी रोज त्याच्या कडेनं सायकल हाणत बोईसरला जायचो. मनात सगळं ठरलेलं असायचं, दारात उभं राहायचं, बाय पाणी दे म्हणायचं, प्यायचं. पण वाडीतलं कुणी मला बघून हसलं तर? बायनंच नको म्हटलं तर? माझ्यासारखी माणसं दुसऱ्याच्या तोंडावर नाही म्हणायला पटाईत असतात आणि स्वतः नाही ऐकून घ्यायची वेळ आली की त्यांची पाचावर धारण बसते. आई दर दिवाळीला विचारायची, "गेलास का?" एका दिवाळीनंतर तिनं विचारणं सोडलं. माझ्या बायकोचे दिवस भरले तेव्हा बायला बोलवायला तोंड नव्हतं, म्हणून तिला पालघरच्या दवाखान्यात नेलं. गाव म्हणालं, सुतार सुधारला.

दोनेक वर्षांनी सफाळ्याहून दोन माणसं दुकानात आली. त्यांच्या वाडीतही विहार उभा राहत होता, दारं हवी होती. माझं नाव कुणी दिलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, मास्तरांनी.

"काय म्हणाले मास्तर?"

ते एकमेकांकडे बघून हसले. "म्हनाले, लाकडात नि शब्दात खोट नाय. पन काय पायजे ते दोनदा सांगा."

मी हसायचा प्रयत्न केला. ती माणसं गेल्यावर मी रंधा हातात घेऊन नुसताच बसून राहिलो. त्यांनी माझं नाव बोईसर ते सफाळे धुळीला मिळवलं असतं तरी कुणी त्यांना दोष दिला नसता.

त्यानंतर मी विहारांची पुष्कळ कामं केली. सफाळ्याचं, पालघरकडचं, आत डोंगराच्या बाजूच्या दोन वाड्यांचं. विसार ठेवला की हुज्जत न घालता घ्यायचो. काय हवं ते दोनदा नाही, तीनदा विचारायचो. कोरी पट्टी म्हटली की कोरी, पिंपळाचं पान म्हटलं की पान. पट्टी कोरी असली तरी तिला इतकी घासायचो की हात लावला तर कापडासारखी लागावी. साग किडलेला नको, गाठीचा नको, ओला नको. घरांच्या कामात जिथे चालवून घ्यायचो तिथे विहाराच्या कामात चालवून घेत नव्हतो. माझ्या हातात फेडायला तेवढंच होतं. आणि पहिल्या दिवशी मापं घ्यायला गेलो की आधी पाणी मागायचो. सफाळ्याला तर तहान नसताना दोन तांबे प्यायलो. तिथले लोक म्हणाले, सुतार उन्हानं तापलाय. तिथे पाणी पिणं सोपं होतं हो. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं आणि मी तिथे कुणाचा अपराधी नव्हतो. एवढे तांबे रिचवले, पण ज्या एका दारात प्यायचं होतं तिथे जायला पाय उचलत नव्हता.

अशी दहाएक वर्षं गेली आणि एक दिवस मास्तर स्वतः दुकानात आले. कानांजवळचे केस पिकले होते. विहाराला नव्या खिडक्या बसवायच्या होत्या.

"मापं घ्यायला या," ते म्हणाले.

मी विचारलं, "बाय कशी आहे?"

मास्तर निघता निघता म्हणाले, "हाय. येऊन बघा एकदा."

मी दुसऱ्याच दिवशी सकाळी गेलो. विहाराच्या दारात माझीच चौकट उभी होती आणि तिच्यावर दुसऱ्याच्या हातची कोरी पट्टी. ती थोडी तिरकी बसली होती. पिंपळ कौलांच्या वर गेला होता. मी खिडक्यांची मापं घेतली आणि मास्तरांना म्हटलं, "मला बायकडं न्या." मी कसं आणि काय बोलायचं ते रात्रभर घोकून आलो होतो.

बाय दारातल्या पटकुरावर बसली होती. मूठभर झाली होती. शेजारी पाण्याचा तांब्या होता, त्याच्यावर फुलपात्र उपडं घातलेलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"बाय, मी सुताराचा मुलगा. माझं चुकलं. मला तुझ्या हातचं पाणी दे."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या कपड्यांकडे, माझ्या कपाळावरच्या गंधाकडे बघितलं. मग ती एकदम घाबरली. इतकी की मला कळेना काय झालं. ती भिंतीकडे सरकली आणि तिनं तांब्या ओढून पदराखाली घेतला.

"उठा, बाबा, उठा," ती म्हणाली. "खाली नका बसू. इथं कशाला आलात? आमचं पानी तुमाला कसं चालंल?"

मला ती जन्मापासून अरे-तुरे करायची. मी म्हणालो, "बाय, मला चालतं. खरंच चालतं. दे ना."

"नको, बाबा. गावात कळलं तर आमाला जगू देनार नाय."

मास्तर माझ्या मागे उभे होते. "वरीस होत आलं," ते हळू आवाजात म्हणाले. "मधलं सगळं गेलं तिच्या डोक्यातून. धर्म घेतला ते आठवत नाय. विहार दाखवला तर हे कोनाचं देऊळ, आत कसं जायचं, इचारते. जुनं तेवढं रायलंय."

त्यांची बायको आतून दुसरा तांब्या घेऊन आली. मी तो घेतला आणि प्यायलो. आणि ते बघून बाय रडायला लागली. हात जोडून माझ्या पायांशी वाकायला लागली. जिनं मला बाहेर काढलं ती माझ्या पायांशी. "कोनाला सांगू नका. पोरांना मारतील. तिला समजलं नाय हो, नवी सून हाय, चुकून दिलं तिनं."

मी तिला धरलं तर ती आणखी अंग चोरायला लागली. मास्तरांनी समजावलं, सुनेनं समजावलं. काही उपयोग होईना, तिला धाप लागली. मी तांब्या खाली ठेवला, पंच्यानं तोंड पुसलं आणि तिच्यासमोर बसून तिला सांगितलं, "बाय, मी पानी नाय प्यालो. नुसता हातात धरलेला. मी नको म्हनालो."

"नको म्हनालात?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"हो. नको म्हनालो."

तिचा श्वास खाली बसला.  "बरं केलंत, बाबा," ती म्हणाली, आणि तिनं लांबूनच माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.